उजेडाचा पत्रा

मला राग लवकर येतो. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. मी दारात चपला कशा काढतो त्यावरूनच वहिनी ओळखते. पण एक गोष्ट अशी आहे की ती ऐकली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि आमच्या प्रार्थनाघरात ती वर्षातून एकदा तरी ऐकावीच लागते.

बायबलमधलीच आहे. येशू एका घरात बोलत बसलाय, दारात ही तोबा गर्दी. चार जण एका लुळ्या माणसाला खाटेवर घालून आणतात. आत शिरायला वाट नाही. मग ते सरळ वर चढतात, छप्पर उकरून भोक पाडतात आणि खाट खाली सोडतात, थेट येशूच्या पुढ्यात. दोराचा उल्लेख नाही तिथे, पण दोराशिवाय खाट खाली जाते होय? मला विचारा. माझा धंदाच छपरांचा. तर तो माणूस बरा होतो, खाट उचलतो आणि चालत घरी जातो. सगळे देवाची स्तुती करतात. गोष्ट संपली.

लहानपणी मी भर उपासनेत विचारलं होतं, "मग ते छप्पर कोणी नीट केलं?" अख्खी मंडळी हसली. दादा तेवढा हसला नाही. घरी जाताना म्हणाला, "त्या चौघांनीच केलं असणार. दुसऱ्याचं छप्पर फोडून कोणी तसंच निघून जातं का?" दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. बाबा गेल्यावर हा धंदा त्यानेच मला शिकवला. पत्रा कसा धरायचा, बोल्ट किती आवळायचा, पाणी निघून जायला उतार किती ठेवायचा, सगळं.

आमचं प्रार्थनाघर म्हणजे फार मोठं काही नाही. पत्र्याचं छप्पर असलेला लांबट हॉल, कमरेइतक्या उंच जोत्यावर. समोर अरुंद पायऱ्या, आणि बाजूच्या भिंतीला एक दार, जे कधी कोणी उघडत नाही. छपराच्या मधोमध फायबरचा एक पत्रा होता, आत उजेड पडावा म्हणून टाकलेला. आम्ही त्याला उजेडाचा पत्रा म्हणतो. आमच्या कामातला पहिला धडा हाच की उजेडाच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, तो माणसाचं वजन घेत नाही. मला हा धडा दादाने कानाखाली एक वाजवून शिकवलाय. पण मंडळीतल्या उत्साही लोकांनी एकदा छप्पर रंगवायला काढलं आणि सरसकट सगळीकडे लाल रंग फासला, उजेडाच्या पत्र्यावरसुद्धा. का, तर एकसारखं दिसावं म्हणून. धन्य आहे!

पुढे छप्पर गळायला लागलं आणि दादाने ते काम फुकटात अंगावर घेतलं. त्या दिवशी मी दुसरीकडे होतो. सकाळी त्याला बजावून गेलो, "दुपारपर्यंत थांब, मी दोर घेऊन येतो." थांबतो म्हणाला. मी पोचायच्या आधीच तो चढला होता. लोकांनी मला नंतर सांगितलं, चढताना म्हणे तो म्हणाला, "प्रभूच्या घरावर चढायला दोर कशाला?" हाच माणूस दुसऱ्या कुठल्याही छपरावर दोर बांधल्याशिवाय मला पाय ठेवू देत नसे. रंगाखाली लपलेल्या उजेडाच्या पत्र्यावर त्याचा पाय पडला आणि तो आत, फरशीवर कोसळला.

म्हणजे बघा. गोष्टीतला माणूस छपरातून लुळा उतरला आणि चालत बाहेर गेला. माझा दादा चालत वर गेला, छपरातून खाली आला आणि कमरेपासून लुळा झाला. असली थट्टा माणसाने केली असती तर मी त्याचे दात पाडले असते.

सगळ्यात आधी धावला तो समोरचा सायकलवाला. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. तो मंडळीतला नाही. मी त्याला कुठल्याच देवाच्या दारात पाहिलेला नाही. लोक दादाला उचलून बाकावर ठेवायला निघाले होते. हा दारातूनच ओरडला, "हात लावू नका! मान हलवू नका त्याची!" आणि दादाचं डोकं दोन गुडघ्यांत धरून बसला, अँब्युलन्स येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, तसंच उचललं असतं तर हातही गेले असते. रविवारी साक्ष दिली गेली की प्रभूने आपल्या भावाचे हात वाचवले. सायकलवाला तेव्हा समोर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. त्याचं नाव एकानेही घेतलं नाही.

त्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "जो पडला तोच चढेल. तो पत्रा आपला भाऊ स्वतःच्या हाताने लावेल. तोवर आपण विश्वासाने थांबू." सगळे जोरात आमेन म्हणाले. मग भोकावर ताडपत्री बांधली आणि खाली बादली ठेवली. तीन पावसाळे ते तसंच राहिलं. छपराला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, मलाही नाही.

मी रॅम्पसाठी लोखंडी अँगल आणि जाड खरबरीत पत्रा आणून टाकला, तर बैठक बोलावली. काय ठरलं? तर रॅम्प म्हणजे अविश्वास. रॅम्प बांधला म्हणजे हा आता कधी चालणार नाही असं आपण मान्य केलं. मी म्हटलं, "मग बादली कशाला ठेवलीत? गळणारं पाणीही देव वरच्या वर झेलेल की!" तेव्हापासून मंडळीत मी वाया गेलेला ठरलो. माझं लोखंड हॉलच्या मागे गंजत पडलं.

आणि दादा? दादा त्यांच्याच बाजूचा! "नको रे रॅम्प," म्हणाला. "मी चालणार आहे."

सुरुवातीला दर रविवारी त्याला व्हीलचेअरसकट वर उचलून न्यायला चौघांची चढाओढ असायची. फोटो काढायचे. मग एकाची कंबर धरली, एकाची ड्युटी बदलली, एक आपला असाच दिसेनासा झाला. आई गेली त्या दिवशी पाऊस होता. आईच्या पेटीला सहा जणांनी खांदा दिला, त्यात मी होतो. पेटी आत ठेवून मी दादासाठी बाहेर आलो तर उचलायला आम्ही तिघेच. पायऱ्या ओल्या. दोन पायऱ्या चढलो आणि खुर्ची अशी कलली की दादा पडतापडता वाचला. मी आत हाक मारली. गाणं सुरू झालं होतं, कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. दादाच म्हणाला, "ठेव मला खाली. ऐकू येतंय इथून."

आईची शेवटची प्रार्थना त्याने पायऱ्यांशी छत्रीखाली बसून ऐकली. मेलेल्या आईला आत न्यायला सहा माणसं होती, जिवंत मुलाला न्यायला चार मिळाली नाहीत. आणि नंतर पाळकसाहेब खाली आले, दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तू चालत वर येशील." मी काही बोललो नाही, कारण आई अजून आत होती.

त्यानंतर दादा प्रार्थनाघरात गेला नाही. घरीच प्रार्थना करायचा, तासन्‌तास.

मग दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला घरात सगळे ठिणगी म्हणतात. राग काकावर गेलाय. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा माझ्याबरोबर आत येणार. कोणाच्या हातांवरून नाही, माझ्या शेजारून. नाहीतर मी रस्त्यावर लग्न लावून घेईन."

"येणार," दादा म्हणाला. "चालत येणार." आणि त्याने वहिनीला बूट आणायला पाठवलं.

मी घरी गेलो तेव्हा वहिनी बुटांचा खोका मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. चामड्याचे, नवेकोरे. दुकानदाराने विचारलं म्हणे, घालून बघायला त्यांना का नाही आणलं.

"भाऊजी, तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "मला आत्ता कोणाचंच बोलणं सोसणार नाही."

पण मी कसला गप्प बसतोय. खोका उचलला आणि आत गेलो. दादा खिडकीशी बसला होता.

"हे काय आहे?"

"बूट."

"ते दिसतंय मला! बायकोला कशाला रडवतोस? मागे लोखंड पडलंय, मी आहे, माझं मशीन आहे. दोन-तीन दिवसांचं काम. पोरीच्या शेजारून आत जाशील. आणि तू बूट आणतोस?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! दर वर्षी ती गोष्ट ऐकतोस ना तू? मग नीट ऐक एकदा. त्या लुळ्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही तिथे. तो तोंडसुद्धा उघडत नाही. येशूने पाहिला तो त्या चौघांचा विश्वास. उचलणाऱ्यांचा! छप्पर फोडणाऱ्यांचा!"

"पण तो बरा झाला ना?" दादा शांतपणे म्हणाला. "चालत गेला ना घरी?"

"गेला. पण आधी आत पोचला! दाराबाहेर बसून वाट बघत नव्हता राहिला."

त्याने माझ्या हातातला खोका घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "तुला वाटतं मला रॅम्प नकोय. अरे, मला हवाय. बांधलास तर मी दर रविवारी आरामात वर जाईन. आणि हळूहळू मागायचं विसरून जाईन. मला पाय मागायचे आहेत. ते मागणं सुटलं तर माझ्याकडे काय उरलं, सांग?"

त्याचाही मला रागच आला. "माग की," मी म्हटलं. "आत जाऊन माग. तिथे काय त्याला कमी ऐकू येतं?" आणि दार आपटून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल्डिंगचं मशीन घेऊन प्रार्थनाघराशी गेलो. परवानगी-बिरवानगी काही नाही. वीज सायकलवाल्याच्या दुकानातून घेतली. त्याने दुकान अर्धं बंद केलं आणि अँगल धरायला आला. "मला देवाचं काही कळत नाही," म्हणाला, "पण दादांच्या खुर्चीचं एक बेअरिंग जाम आहे, एवढं कळतं. चढण चढायची तर ते बदलून देतो." बाजूच्या भिंतीला धरून त्या बंद दारापर्यंत आम्ही रॅम्प चढवत नेला.

पाळकसाहेब आले. त्यांचा आवाज फार मऊ आहे, आणि मला त्या मऊ आवाजाचाच संताप येतो.

"मंडळीने ठरवलंय," ते म्हणाले. "तुम्ही हे न विचारता करताय."

"त्या चौघांनी विचारलं होतं का घरमालकाला?"

"बंद करा ते. ऐका माझं. रॅम्प झाला की सगळं संपलं. तो चालणार नाही हे मी कबूल केल्यासारखं होईल."

"तुम्ही? तुमचा काय संबंध? पाय त्याचे गेलेत."

सायकलवाला उगाच पाना शोधायला बाजूला गेला. मग पाळकसाहेब रॅम्पच्या कडेला टेकले आणि त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "तो थांबणारच होता," ते म्हणाले. "भाऊ दोर घेऊन येतोय म्हणत होता. आभाळ भरून आलं होतं, संध्याकाळी सभा होती. मी म्हणालो, प्रभूच्या घरावर चढायला दोर कशाला? ते वाक्य माझं होतं. त्याचं नाही."

तीन वर्षं मी त्या एका वाक्यासाठी दादाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. तीन वर्षं! आणि त्याने कधी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल मला पाळकसाहेबांची दया आली. नाही आली. खरं सांगतो, हातातला ग्राइंडर खाली ठेवला तो त्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. "म्हणजे तो चालला की तुम्ही सुटलात," मी म्हटलं. "म्हणून त्याने चालायचं! तुमची सुटका व्हावी म्हणून माझा भाऊ आईच्या प्रार्थनेला पावसात बसला!"

ते उठले आणि निघून गेले. पण त्यांनी काम थांबवलं नाही. संध्याकाळी बघतो तर बाजूच्या दाराचं गंजलेलं कुलूप काढलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी दादा नवे बूट घालून आला. वहिनीने नाड्या बांधल्या होत्या. मंडळी समोरच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना उभी, मध्ये वाट मोकळी सोडलेली. एवढी माणसं आईच्या वेळी कुठे होती, असं ओरडावंसं वाटलं मला. ठिणगी त्याच्या शेजारी उभी होती, फुलं घट्ट धरून. दादाने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. सगळे थांबले. कोणीतरी हळू आवाजात प्रार्थना सुरू केली.

त्याने जोर लावला. दंडाच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. बूट जसे होते तसेच राहिले, एक इंचही हलले नाहीत. मी देवाला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. तुला एकच माणूस इतका मनापासून हाक मारतोय, आणि तू कुठे तोंड लपवून बसलास, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

दादाने डोळे उघडले. पायऱ्यांकडे पाहिलं, मग ठिणगीकडे. मग मान वळवून मला विचारलं, "उतार किती धरलायस?"

"बारा फुटाला एक फूट," मी म्हटलं.

"बरोबर धरलायस," तो म्हणाला. "ढकलू नकोस. मी जातो."

त्याने खुर्ची वळवली आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत रॅम्पवर घातली. ठिणगी शेजारून चालत होती. अर्ध्यापर्यंत तो जोरात गेला. मग हात थकले. दारापासून थोडं अलीकडे खुर्ची थांबली आणि इंच इंच मागे यायला लागली. आणि आमची मंडळी काय करते? डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करते, प्रभू, त्याला बळ दे! एवढी माणसं, सगळ्यांचे डोळे बंद, सगळ्यांचे हात आभाळाकडे!

मी धावलो. पण वरच्या दारातून एक माणूस माझ्या आधी आला. पाळकसाहेब. हातातलं पुस्तक त्यांनी खाली फरशीवर ठेवलं होतं. खुर्चीच्या मागे येऊन त्यांनी एक मूठ धरली. दुसऱ्या कोणाचा हात असता तर ठीक. त्यांचा हात मला झटकून टाकावासा वाटला. पण खुर्ची मागे येत होती. मी दुसरी मूठ धरली.

"लावा जोर," दादा म्हणाला, मागे न बघता. आणि आम्ही दोघांनी त्याला आत नेलं.

आत आल्यावर गाणं सुरू व्हायला वेळ होता. दादाने वर पाहिलं. ताडपत्रीच्या फटीतून उजेडाची एक रेघ खाली येत होती, बरोबर बादलीवर. तो पडल्यापासून ते भोक तसंच होतं. मंडळी हळूहळू आत येत होती, आणि तो कशाकडे बघतोय हे कळल्यावर एकेक जण गप्प होत गेला.

"ते अजून तसंच ठेवलंय?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठी राखून ठेवलंय," मी म्हणालो. राग गेला नव्हता माझा. "तूच लावणार ना तो पत्रा!"

दादाने एकदा पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग दादाने माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "उद्या तू चढ. नवा पत्रा घेऊन ये, आणि त्याला रंग लावू देऊ नकोस कोणाला."

"बरं."

"आणि ऐक," तो म्हणाला. मनगटावरची पकड घट्ट झाली. "दोर बांधून चढ."